कारण लिहून द्या

"उस घड़े का पानी तुम पी सकते हो?"

जजसाहेबांनी मला हे विचारलं तेव्हा वर्गात तीस-पस्तीस जण बसलेले होते. मी एकटा दाराशी उभा. जजसाहेबांचं बोट कोपऱ्याकडे होतं. तिथे तिवईवर माठ, माठावर पितळी झाकण. जेठाचा महिना. ग्वाल्हेरची लू, तो तापलेला वारा, सकाळी आठलाच अंगावर येते. माझी जीभ टाळूला चिकटली होती.

"जी नहीं," मी म्हणालो.

"किसने मना किया?"

"किसी ने नहीं।"

"रियासत का कोई कानून है, कि तुम नहीं पी सकते?"

"जी नहीं।"

"तो फिर पीते क्यों नहीं?"

मी माठाकडे पाहिलं. जजसाहेब थांबले. चिडलेले नव्हते. आजारी माणसाला विचारावं तसा आवाज. "बोलो, बोलो. डरो मत."

"रिवाज है," मी म्हणालो.

"शाबास!" ते वर्गाकडे वळले. "लिख लीजिए. जिसे तोड़ने का ख़याल तक न आए, वही रिवाज है."

टाक कागदांवर करकरायला लागले. सगळ्यांनी लिहून घेतलं.

मीही लिहिलं.

मला कोणी सांगितलं नव्हतं. हातात वही होती, टाक होता, टाकाला अजून ओली शाई होती. मास्तर सांगतील ते उतरवायचं, ही लहानपणापासूनची सवय. वही भिंतीला टेकवली आणि उभ्याउभ्या ते वाक्य उतरवलं. स्वच्छ अक्षरात. माझ्याविरुद्ध साक्ष मीच दिली, आणि तिची नक्कल पण मीच केली.

कुणी मला मारलं नाही. शिवी दिली नाही. ढकललं नाही. मोहल्ल्यात पुढे कधी हे सांगितलं तर लोक विचारायचे, मग झालं काय? काय झालं ते सांगायला शब्द मिळेपर्यंत माझे केस पांढरे झाले.

आधीचं सांगतो.

आम्ही महार. पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले. घोड्यांची लीद काढत आले आणि लीद काढायलाच राहिले. फौजेतल्या बाकीच्यांना जमिनी मिळाल्या, हवेल्या मिळाल्या, आम्हाला कंपूच्या, म्हणजे फौजेच्या छावणीच्या, मागे एक मोहल्ला मिळाला. माझा बा पागेत मोतद्दार होता. घोड्याला खरारा करायचा, दाणा-वैरण द्यायची, लीद उचलायची. एका सरदाराच्या सात घोड्यांच्या नाकपुड्या त्याला पाठ होत्या. अक्षर एक येत नव्हतं.

आई दाल बाजारात एका शेठची तीन गोदामं झाडायची. झाडताना निघालेली डाळ हीच तिची मजुरी. डाळ म्हणायची एवढंच. तीत माती, खडे, उंदराच्या लेंड्या. आई ती सात पाण्यांनी धुवायची आणि तरी जेवताना दाताखाली कच्‌ व्हायचंच. आम्ही त्या आवाजावर मोठे झालो.

मी शिकलो. कसा शिकलो, शाळेच्या ओसरीवर किती वर्षं बसलो, ते वेगळं आहे. मॅट्रिक झालो. तेव्हा रियासतीत वकालतीची स्वतःची परीक्षा होती, आणि तिच्या तयारीचा एक वर्ग दाल बाजारामागच्या गल्लीत एका जुन्या हवेलीच्या माडीवर चालायचा. निवृत्त जजसाहेब दरबाराच्या मंजुरीनं तो चालवायचे; तिथली हजेरी भरली तरच परीक्षेला बसता यायचं. प्रवेशाची चाचणी असायची. मी दिली. तिसरा आलो.

पत्र आलं. दाखला, म्हणजे प्रवेश, मंजूर. खाली एक ओळ होती: वर्ग सुरू होण्याआधी नव्या मुलांनी एक दिवस येऊन जुन्यांच्या वर्गात बसून पाहावं.

बाने ते पत्र फेट्याच्या घडीत ठेवलं आणि पागेत जाऊन आला. कुणाला दाखवलं नाही. फक्त दिवसभर डोक्यावर वागवलं आणि संध्याकाळी मला परत दिलं. पत्राला घोड्याच्या घामाचा वास लागला होता.

ठरल्या दिवशी मी गेलो. धुतलेला सदरा, काळी टोपी. माडीच्या दाराशी मुन्शीजी रजिस्टर घेऊन बसलेले, शेजारी जजसाहेब उभे. मी नाव सांगितलं. आमचं आडनाव मोठ्या सरदार घराण्यांतही आहे. जजसाहेबांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. एकदम मराठीत आले.

"वा! कुठले तुम्ही? कंपूकडचे?"

"हो."

"वडील काय करतात?"

"पागेवर असतात."

"पागेवर! अरे वा. म्हणजे आपल्यातलेच की. या, या. पुढे बसा."

मी खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही. पागेवर असतात म्हणालो, लीद काढतात म्हणालो नाही. हे मी लपवणार नाही. पण अठरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला तुम्ही म्हटलं होतं. त्या एका शब्दानं माझी जीभ बांधली गेली.

पुढच्या बाकावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा बाकावर. शेजारच्या मुलानं सरकून जागा दिली आणि आपली दौत दोघांच्या मध्ये ठेवली. "इसी में डुबा लो," म्हणाला.

जजसाहेब साक्षीपुराव्याबद्दल शिकवत होते. त्यांनी विचारलं, एक माणूस कोर्टात सांगतो की चोरी झाल्याचं मी अमक्याकडून ऐकलं. चालेल का? कोणी काही बोलेना. मी हात वर केला.

"नहीं जी. जिसने देखा, उसी को बुलाना पड़ेगा."

"देखिए!" जजसाहेब सगळ्यांना म्हणाले. "अभी दाखिला हुआ है, और देखिए!"

पाऊण तास मी तिथे बसलो. खिडकीतून किल्ला दिसत होता. मला वाटलं, हीच माझी जागा. पुढे मी दोन वर्षं इथे बसणार, मग कोर्टात उभा राहणार, बा फेट्यात कागद ठेवून पागेत जाणार. इतकं सुख मला सोसायची सवय नव्हती.

मग शेठचा मुलगा आला. उशिरा. आई ज्याची गोदामं झाडायची त्या शेठचा. तो वरच्या वर्षाला आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं मला पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग जजसाहेबांच्या टेबलाशी जाऊन, पाण्यात माशी पडलीय हे सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाला,

"साहब, ये हमारे गोदाम की झाड़ूवाली का लड़का है. महार है."

जजसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"खरं का रे?"

तुम्ही गेलं. रे आलं. पाऊण तासात.

"हो," मी म्हणालो.

शेजारच्या मुलानं दौत उचलली. आपल्या पलीकडे ठेवली. सदऱ्याची बाही झटकली. मुन्शीजी आले आणि हात न लावता, बोटानंच, मला दाराकडे जायची खूण केली. मी गेलो. का गेलो? पाय गेले. पायांनाही शिकवलेलं होतं.

घालवून दिलं असतं तर बरं झालं असतं. पण जजसाहेब विचारात पडले आणि मग खूश झाल्यासारखे म्हणाले, "रिवाज वाला सबक कल था, आज ही ले लेते हैं. मिसाल सामने खड़ी है."

मिसाल म्हणजे मी. पुढचं मी सांगितलंच.

वर्ग सुटला. मुलं माझ्यासमोरून अंग चोरून गेली. एक म्हणाला, "वैसे जवाब अच्छा दिया." दुसरा हसला. आत मुन्शीजी बाकावर पाणी टाकत होते.

जजसाहेबांनी मला गच्चीच्या कठड्याशी बोलावलं.

"हे बघ," ते म्हणाले, "माझ्या मनात काही नाही. डोकं चांगलं आहे तुझं. म्हणूनच सांगतो. उद्या तू वकील झालास, तर पक्षकार कोण येणार तुझ्याकडे? कागद कोण देणार तुझ्या हातात? तुझीच फजिती. त्यापेक्षा नाव काढून घे. पागेच्या दफ्तरात कारकुनाची जागा होते का, मी शब्द टाकतो. मुन्शीजींनी दरख्वास्त लिहून ठेवलीय. तुला फक्त सही करायचीय."

त्यांनी कागद कठड्यावर ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर विटेचा तुकडा ठेवला. मग चार पावलं मागे सरकले. तेव्हा मी तो उचलला.

"आठ दिवस आहेत," ते म्हणाले. "घरी विचार."

घरी आलो तर आई घरी होती. भर दुपारी. अंगणात बसलेली, केरसुणी मांडीवर. तिला गोदामातून काढलं होतं. मुनीम सगळ्या हमालांसमोर म्हणाला होता, "बेटा वकील बन रहा है, अब तुमसे झाड़ू कैसे लगवाएँ?" मुलानं तिथून नाव काढलं की परत ये, असंही म्हणाला होता. हमाल हसले होते. त्या हमालांची पोरंही उघडीच फिरत होती, पण हसले.

"तू काय केलंस तिथं?" आईनं विचारलं.

"काही नाही. बाकावर बसलो."

ती रडायला लागली. "कशाला बसलास रे? खाली बसला असतास. कोणी विचारलं नसतं."

बा संध्याकाळी आला. सगळं ऐकलं. मग पागेतली म्हण म्हणाला. "घोड़े की पिछाड़ी आणि अफसर की अगाड़ी. दोन्ही ठिकाणी उभं राहू नये. मला बापानं शिकवलं, मी तुला शिकवायचं विसरलो. सही कर."

"बा, तिसरा आलोय मी."

"सही कर," तो ओरडला. "तुझ्या तिसऱ्या नंबरावर घरात चूल पेटणार आहे का?"

मी त्याच्यावर रागावू शकलो नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघून ओरडत होता.

पुढचे चार दिवस मी घरात थांबत नव्हतो. दरख्वास्त सदऱ्याच्या खिशात घेऊन सकाळी निघायचो. मुरार, थाटीपुर, जिकडे पाय नेतील तिकडे. अंगाची लाही व्हायची. डोक्यात एकच. हे सगळं त्यांनी केलं असतं तर मी त्यांचा द्वेष केला असता आणि सुटलो असतो. पण तोंड माझं होतं. "रिवाज है" मीच म्हणालो. मला सांगता आलं असतं, पितो. मला सांगता आलं असतं, तुमची भीती वाटते म्हणून पीत नाही. ते खरं होतं. मी खरं सोडून त्यांना हवं ते उत्तर दिलं. आणि शाबास ऐकून, देवाशपथ सांगतो, एक क्षण मला बरंही वाटलं होतं. बरोबर उत्तराचं शाबास. ते आठवलं की मी रस्त्यात थांबायचो.

चौथ्या दिवशी मुरारच्या नदीच्या पुलावर बसून राहिलो. दुपारभर. खाली बघत. नदीत जेठात पाणी नसतं. म्हणून हे सांगायला मी आहे.

पाचव्या दिवशी घरातली डाळ संपली. आईनं मडकं उपडं करून आपटलं. आतून माती पडली. मी दौत काढली. दरख्वास्त जमिनीवर पसरली. कारकुनाची जागा. आईला गोदाम परत. बाच्या डोक्यावरचं ओझं कमी. एक सही.

"काय लिहिलंय ते वाच तरी," आई म्हणाली.

"काय करायचंय तुला?"

"वाच."

मी वाचलं. मुन्शीजींची हिंदी होती. "मैं, फलाना वल्द फलाना, अपनी ख़ुशी से, बिना किसी दबाव के, अपना नाम ख़ारिज करवाना चाहता हूँ।"

"अपनी ख़ुशी से म्हणजे कोणाच्या?"

"माझ्या."

"तुला खुशी आहे?"

मी ती ओळ पुन्हा पाहिली.

"मला आहे का? तुझ्या बाला आहे?" तिचा आवाज चढला. "मुनीम मला म्हणाला, जा. तो म्हणाला, मी गेले. पण तो असं नाही म्हणाला की बाई, तू आपल्या खुशीनं चाललीस. इतकं तरी त्यानं मला सोडलं. हे लोक तेवढंही नाही सोडत?"

मी आईकडे बघत राहिलो. अंगठा उठवणारी बाई. जे मला पाच दिवस दिसलं नव्हतं, ते तिनं एकदा ऐकून पकडलं. मला हाकलायचं होतं, आणि हाकलल्याचा डाग त्यांना नको होता. तो मीच पुसून द्यायचा होता. सही त्यासाठी होती.

"सही केली नाही तर गोदाम परत मिळणार नाही," मी म्हणालो.

"नको मिळू दे."

"खायचं काय?"

"ते मला ठाऊक नाही," आई म्हणाली. "सगळं मलाच कसं ठाऊक असेल?"

बा कोपऱ्यात बसून ऐकत होता. मी दौत बंद केली तसा तो उठला आणि बाहेर निघून गेला. पुढचे कितीतरी दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

आठव्या दिवशी मी हवेलीत गेलो. जजसाहेब टेबलाशी एकटेच होते. मुन्शीजी दाराशी. मी उंबऱ्यावर थांबलो नाही. आत गेलो, टेबलापासून हातभर अंतरावर उभा राहिलो.

"केलीस सही?"

"नाही."

"का?"

"त्यात लिहिलंय, मी माझ्या खुशीनं जातो. मला खुशी नाही. मी जात नाही."

"मग मला तुझं नाव काढावं लागेल."

"काढा. पण हुकूम लेखी द्या. आणि त्यात कारण लिहून द्या."

"कारण तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. कागदावर पाहिजे."

मुन्शीजी म्हणाले, "ज़बान सँभालकर." जजसाहेबांनी हातानं त्यांना थांबवलं. कोरा कागद ओढला. टाक दौतीत बुडवला. कागदावर धरला. मी बघत होतो. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला. त्यांनी तो दौतीच्या काठावर पुसला आणि पुन्हा बुडवला. पुन्हा धरला.

जात लिहावी तर वर दरबारात कोणीतरी विचारणार, कुठल्या कायद्यानं? तसा कायदा नाही, हे त्यांनी स्वतःच भर वर्गात माझ्या तोंडून वदवून घेतलं होतं. नालायक लिहावं तर मी तिसरा आलेलो. चाळीस वर्षं निकाल लिहिलेला तो हात. एक ओळ लिहिता येईना.

मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आम्हाला बाहेर ठेवायला यांच्याकडे सगळं आहे. हवेली, टेबल, शाई, मुन्शी. फक्त लिहून देण्याजोगं कारण नाही. कधीच नव्हतं. आम्ही मागितलं नाही, म्हणून चाललं.

त्यांनी टाक खाली ठेवला.

"जा आता," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

ये म्हणाले नाहीत. येऊ नकोस, असंही म्हणाले नाहीत.

आईला गोदाम परत मिळालं नाही. ती थाटीपुराकडे एका बांधकामावर गिट्टी फोडायला जाऊ लागली. पहिल्याच आठवड्यात खडीचा कपचा उडून तिच्या डाव्या डोळ्यात गेला. तो डोळा पुढे कायमचा धुरकट झाला. हे माझ्या दाखल्याची किंमत म्हणून मी रोज पाहिलं. कुणी मला धीटपणाबद्दल शाबासकी द्यायला लागलं, तर मी तिचा डोळा आठवतो आणि गप्प बसतो. मी वकील झालो का, किती खटले लढलो, ते सांगायला मी इथे बसलेलो नाही.

वर्ग सुरू झाला. मी गेलो आणि पुढच्या बाकावर बसलो. बाकावरचे तिघे उठले आणि मागे जाऊन दाटीनं बसले. अख्खा बाक माझा. जजसाहेब आले. माझ्यावरून त्यांची नजर भिंतीवरून फिरावी तशी फिरली.

मुन्शीजींनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक "जी हाज़िर". दोन नावांच्या मध्ये माझं नाव यायला हवं होतं. आलं नाही. मुन्शीजी पुढच्या नावावर गेले.

मला कळलं. हजेरी नाही तर परीक्षा नाही. लेखी हुकूम द्यायचा नाही, नाव काढायचं नाही, फक्त वाचायचं नाही. दोन वर्षं मी इथे बसणार आणि रजिस्टरात नसणार.

"मुन्शीजी," मी म्हणालो, "मेरा नाम रह गया।"

ते थांबले नाहीत. पुढचं नाव. पुढचं नाव.

"मुन्शीजी, मेरा नाम रह गया।"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. रजिस्टर बंद झालं. जजसाहेबांनी पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशीही नाव आलं नाही. मी दुसऱ्या दिवशीही बोललो. तिसऱ्या दिवशी मी बोलायच्या आधीच सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता हा बोलणार म्हणून. मी बोललो. आवाज कापला. तरी बोललो.

त्या दिवशी घरी चालत येताना ठरवलं. मी विनंती करणार नाही. अर्ज करणार नाही. कुणाच्या पाया पडणार नाही. उद्या बोलेन, परवा बोलेन, पावसाळाभर, हिवाळाभर बोलेन. यांना माझं नाव गिळायचं असेल तर रोज सकाळी, माझ्यादेखत, माझा आवाज कानावर घेऊन गिळावं लागेल. घसा बसला तर खुणेनं सांगेन. पण या वर्गाची एकही सकाळ मी यांना शांतपणे सुरू करू देणार नाही.